लांब खडीचा रस्ता, बर्फ आणि डिझेलची युटिलिटी गाडी: एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांनी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, डुलुथ शहराच्या उत्तरेला, गावाबाहेर घर घेतले आहे. घरापासून काउंटीच्या (म्हणजे येथल्या जिल्हा प्रशासनाच्या) डांबरी रस्त्यापर्यंत साडेतीनशे मीटरचा खडीचा खासगी रस्ता आहे आणि त्याचा शेवटचा टप्पा मोठ्या रस्त्याकडे उतरत जातो. त्यांच्या पत्नी रुग्णालयात नोकरीला असून त्यांना पहाटे साडेपाचला घर सोडावे लागते. जवळच्या एका शेतकऱ्याकडे कुबोटा कंपनीची आरटीव्ही-एक्स११००सी ही बंद केबिनची, मागे हौदा असलेली छोटी डिझेल गाडी, १४०० तास चाललेली, पुढे बर्फ ढकलायचे सहा फुटी ब्लेड लावलेली, विकायला आहे. एवढ्या थंडीत डिझेल घ्यावे का, २५ हॉर्सपॉवर पुरेल का आणि गाडी घेतल्यावर बर्फ काढणाऱ्या कंत्राटदाराला नको म्हणता येईल का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

मी मूळचा कराडजवळचा. गेली चौदा वर्षे मिनेसोटातच शेतीच्या यंत्रांची दुरुस्ती करतो. माझ्या घराचा रस्ता दोनशे मीटरचा आहे. तो आणि दोन शेजाऱ्यांचे रस्ते मी गेले नऊ हिवाळे याच जातीच्या डिझेल गाडीने साफ करत आलो आहे. त्यामुळे खाली जे लिहितो ते या प्रकारच्या गाडीला, कोरड्या आणि कडक थंडीला आणि खडीच्या रस्त्याला धरून आहे. समुद्रकाठचा ओला, जड बर्फ असेल किंवा रस्ता डांबरी असेल, तर यातल्या काही गोष्टी बदलतील.

तुम्ही विचारलेले तीन प्रश्न योग्यच आहेत, परंतु माझ्या मते तुमची खरी अडचण वेगळ्या दोन ठिकाणी आहे. उणे ३० अंशांच्या पहाटे साडेचार वाजता किल्ली फिरवल्यावर गाडी सुरू होईल आणि सुरू राहील का, ही पहिली. नोव्हेंबरपासून ढकललेला बर्फ एप्रिलपर्यंत ठेवायचा कुठे, ही दुसरी. हॉर्सपॉवरचा क्रमांक या दोहोंच्या बराच खाली लागतो, म्हणून तो विषय आधी संपवतो.

तुमचा रस्ता साडेतीन मीटर रुंद धरला तर क्षेत्र साधारण १२२५ चौरस मीटर होते. वीस सेंटिमीटर बर्फ पडला की २४५ घनमीटर. ताजा, कोरडा बर्फ घनमीटरला ५० ते १०० किलो भरतो, म्हणजे एका रात्रीत तुमच्या रस्त्यावर १२ ते २५ टन माल येऊन पडतो. तोच बर्फ वाऱ्याने दाबला गेला की घनमीटरला ३०० किलोच्याही पुढे जातो. आकडा ऐकून घाबरण्याचे कारण नाही, कारण हा माल एकदम ढकलायचा नसतो. तिरक्या ब्लेडवरून तो कडेला सांडत जातो आणि कोणत्याही क्षणी ब्लेडपुढे त्यातला थोडासाच भाग असतो. या गाडीचे तीन सिलिंडरचे, ११२३ सीसीचे, २४.८ हॉर्सपॉवरचे इंजिन तेवढ्या कामाला लो गिअरमध्ये पुरून उरते. माझ्या अनुभवात इंजिन दमण्याच्या बऱ्याच आधी चाके जागेवर फिरू लागतात. म्हणून पैसे खर्च करायचे तर ते वजनावर आणि पकडीवर करा. मागच्या हौद्यात, शक्य तितक्या मागच्या फळीला टेकवून, सुमारे दोनशे किलो वाळूच्या पिशव्या ठेवा. पुढे लटकणाऱ्या ब्लेडमुळे मागची चाके हलकी झालेली असतात, त्यांना या वजनाने जमीन धरता येते, आणि उतार निसरडा झाला तर तीच वाळू पसरायला कामी येते. तुमच्या उतारासाठी चारही चाकांना साखळ्या लावाव्यात असे मी म्हणेन. साखळी लावल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ती कशाला घासत नाही ना, हे हाताने चाचपून पाहा.

या गाडीची मला आवडणारी गोष्ट म्हणजे तिचे हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन, म्हणजे इंजिनाची ताकद तेलाच्या दाबाने चाकांकडे पोचवणारी यंत्रणा. पेट्रोलवर चालणाऱ्या अनेक युटिलिटी गाड्यांत रबरी पट्ट्याचे ट्रान्समिशन असते. पुढे-मागे, पुढे-मागे असे तासभर संथ, जड काम केले की तो पट्टा तापतो, घसरतो आणि एखाद्या दिवशी जळका वास देऊन तुटतो. हायड्रोस्टॅटिकमध्ये पट्टाच नाही. मात्र त्याची एक खोड उतारावर लक्षात ठेवावी लागते. पायातले पेडल झटकन सोडले की चाके एकाएकी रोखली जातात आणि गोठलेल्या उतारावर गाडी घसरगुंडीसारखी खाली निघते. पाय सावकाश उचलायची सवय भर बर्फात नव्हे, तर ऑक्टोबरमध्ये मोकळ्या खडीवर करून घ्या.

आता थंडीकडे वळतो. आधी एक गैरसमज दूर करतो, कारण तुमच्या प्रश्नातही 'उणे ४२ सारखे जाणवते' असा उल्लेख आहे. ते 'जाणवणे' तुमच्या-माझ्या कातडीला असते, लोखंडाला नाही. वाऱ्याने गाडी लवकर थंड होते, पण हवेच्या प्रत्यक्ष तापमानाच्या खाली ती कधीच जात नाही. त्यामुळे सगळे हिशेब थर्मामीटरवरच्या आकड्याने करा.

डिझेल इंजिन थंडीत नादुरुस्त होत नाही. गोठते ते डिझेल. आपल्याकडे डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली घट्ट होते आणि ती गरम पाण्यात धरावी लागते, तसाच हा प्रकार आहे. डिझेलमध्ये विरघळलेले मेण थंडीने स्फटिक होऊन बाहेर येते. आधी डिझेल गढूळ दिसते, मग ते मेण फिल्टरच्या कागदावर बसते आणि इंजिनाची उपासमार होते. येथे डिझेलचे दोन दर्जे मिळतात, एक नंबर आणि दोन नंबर. 'दोन नंबरचे' म्हटले की आपल्याकडे वेगळाच अर्थ निघतो, पण येथे तो नेहमीच्या डिझेलचा अधिकृत दर्जा आहे. दोन नंबर साधारण उणे दहा अंशांच्या आसपास गढूळ होऊ लागते. नेमका आकडा प्रत्येक टाकीगणिक बदलतो. एक नंबर मात्र उणे ४० च्या जवळपास टिकते. ते महाग असते, त्यात ऊर्जा थोडी कमी असते आणि वंगणगुणही कमी असतो, म्हणून लोक दोन्हींचे मिश्रण वापरतात.

मिनेसोटात यात आणखी एक मेख आहे, जी बाहेरून आलेल्या माणसाला कोणी सांगत नाही. येथील कायद्याने डिझेलमध्ये जैवडिझेल मिसळावे लागते, एप्रिलच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत २० टक्के आणि हिवाळ्यात ५ टक्के. हे जैवडिझेल प्रामुख्याने सोयाबीन तेलाचे असते, आणि शुद्ध सोया-जैवडिझेल शून्य अंशाच्या आसपासच गढूळ होते. म्हणजे सप्टेंबरमध्ये भरलेले डिझेल आणि नोव्हेंबरमध्ये भरलेले डिझेल या दोन वेगळ्या वस्तू आहेत, पंप तोच असला तरी.

हा धडा मी स्वतः शिकलो आहे. चार-पाच वर्षांपूर्वी सप्टेंबरअखेर लाकडे वाहण्यासाठी म्हणून मी वीस-वीस लिटरचे दोन कॅन भरून शेडमध्ये ठेवले होते. काम लवकर संपले, कॅन तसेच राहिले, आणि डिसेंबरातल्या एका पहाटे घाईत मी त्यातलाच एक टाकीत ओतला. तापमान उणे २४ होते. गाडी एका किल्लीत सुरू झाली, त्यामुळे मी निर्धास्त झालो. चारेक मिनिटांनी तिचा आवाज बसल्यासारखा झाला, ती दोनदा हुंदकली आणि रस्त्याच्या मधोमध ब्लेड खाली टेकवून बंद पडली. टॉर्चच्या उजेडात फिल्टरची वाटी उघडली तर आत ताक घुसळल्यावर वर येणाऱ्या लोण्यासारखा पांढुरका, मऊ थर होता. बोटावर घेतला तर बोटाच्या उबेने तो वितळून पुन्हा डिझेल झाला. सुरुवातीला गाडी चालली ती नळ्यांमध्ये उरलेल्या जुन्या डिझेलवर. नवे फिल्टरपर्यंत पोचले आणि खेळ संपला. चूक सर्वस्वी माझी होती. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक कॅनवर भरल्याचा महिना मार्करने लिहिलेला असतो.

तुमच्या बाबतीत धोका अधिक आहे, कारण तुम्ही शेतकऱ्याकडून गाडी घेणार आहात. त्यांच्याकडे शेतीसाठीचे लाल रंगाचे, रस्ताकर नसलेले डिझेल मोठ्या टाकीत साठवलेले असते आणि ते बहुधा उन्हाळ्यातच भरलेले असते. गाडी घेतलीत तर आहे ती टाकी ऑक्टोबरमध्ये वापरून संपवा, फिल्टर बदला, मग हिवाळी डिझेल भरा. डिसेंबरपासून मी निम्मे एक नंबर, निम्मे दोन नंबर असे मिश्रण ठेवतो आणि सलग उणे ३० च्या रात्री येणार असे दिसले की पूर्ण एक नंबरवर जातो, त्यात वंगणासाठीचे द्रव्य मिसळून. गोठणरोधक द्रव्याची बाटली मिळते ती उपयोगी आहे, पण डिझेल गढूळ होण्याआधी टाकली तरच. एकदा मेण धरल्यावर ती ओतणे म्हणजे दही लागल्यावर दूध फ्रीजमध्ये ठेवण्यासारखे आहे. त्या वेळी मेण विरघळवणारे वेगळे, आणीबाणीचे द्रव्य लागते आणि नवा फिल्टर लागतो. दोन्ही शेडमध्ये हवेत. फिल्टरचा जादा नग उबदार जागी, घरात ठेवा. जाता जाता सांगतो, ही अडचण काही अमेरिकेचीच नाही. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल आणले, ते याच कारणाने.

इंजिन सुरू होण्याबाबत माझा भरवसा ब्लॉक हीटरवर आहे. हा विजेवर चालणारा छोटा हीटर इंजिनातले कूलंट गरम ठेवतो. एवढ्या इंजिनाला ४०० वॉटच्या आसपासचा पुरतो. रात्रभर चालू ठेवण्याची गरज नाही. टायमर लावून काम सुरू करण्याच्या तीन तास आधी चालू केला की सव्वा युनिटभर वीज लागते. तुम्हाला साडेचारला निघायचे आहे, म्हणजे टायमर दीडचा. प्लग लावल्यावर इंजिनाजवळ कान न्या. पाणी तापू लागल्याचा बारीक सूं-सूं आवाज येतो. तो आला नाही तर केबल किंवा हीटर गेला आहे असे समजा. मोकळ्या हवेत वापरायची जाड केबलच घ्या.

बॅटरी थंडीत अर्ध्याहून कमी ताकदीवर येते आणि नेमके त्याच वेळी घट्ट झालेले ऑइल इंजिनाला अडवून धरते. म्हणून बॅटरीवर 'कोल्ड क्रँकिंग' आकडा असतो, जो उणे १८ अंशांना मोजलेला असतो. गाडीच्या पुस्तिकेत मागितला आहे त्यापेक्षा वरचाच घ्या. इंजिनात उन्हाळ्यातले १५डब्ल्यू-४० ऑइल असेल तर ते काढून ५डब्ल्यू-४० किंवा ०डब्ल्यू-४० सिंथेटिक भरा. ग्लो प्लगचा, म्हणजे सुरू करण्याआधी सिलिंडरची आतली जागा तापवणाऱ्या विजेच्या कांडीचा, दिवा विझेपर्यंत थांबा, आणि हीटर नसलेल्या दिवशी तर ते चक्र दोनदा करा. फवाऱ्याच्या डब्यातले ईथर मात्र ग्लो प्लग असलेल्या इंजिनात कधीही मारू नका. तापलेल्या प्लगवर ते भलत्याच वेळी पेट घेते आणि पिस्टन फुटू शकतो. सुरू झाल्यावर पाच ते दहा मिनिटे इंजिन थोड्या वाढीव फेऱ्यांवर ठेवा, शेडचे दार उघडे ठेवून, कारण धूर बंद जागेत जीव घेतो. तेवढ्या वेळात ब्लेड दोन-चारदा सावकाश वर-खाली करा. हायड्रॉलिक तेल त्या वेळी काकवीसारखे असते आणि त्याच्यावर लगेच जोर दिला तर पंप कुरकुरतो. केबिन गरम होईल या आशेने गाडी जागेवर उभी चालू ठेवणे व्यर्थ आहे. लहान डिझेल काम केल्याशिवाय तापत नाही.

काम संपल्यावर ब्लेडच्या स्प्रिंगांमधला आणि चाकांच्या आतला बर्फ झाडूनच गाडी आत लावा. आतल्या उबेने तो वितळतो आणि रात्री पुन्हा गोठून ब्रेक धरून बसतो. सपाटीवर मी हँडब्रेक न लावता चाकाला लाकडी ठोकळा लावतो.

खडीच्या रस्त्यावरच्या कामात पहिला बर्फ सगळ्यात महत्त्वाचा आहे. मराठीत आपण आभाळातून पडणाऱ्या कापसालाही बर्फ म्हणतो आणि गोठलेल्या दगडालाही बर्फच. येथे दोन्ही वेगळे धरावे लागतात. पहिला पाच-सात सेंटिमीटरचा भुसभुशीत थर काढूच नका. त्यावरून गाडी फिरवून तो दाबा आणि गोठू द्या, म्हणजे खडीवर कडक गिलावा चढतो. तोवर ब्लेडखालचे टेकू दोन-तीन सेंटिमीटर खाली ठेवा, नाहीतर वसंतात सगळी खडी गवतातून वेचत बसावे लागते. माझे शेजारी ब्लेडच्या धारेवर लांबीत चिरलेला लोखंडी पाइप अडकवतात. ती गोल कड खडीत रुतत नाही, वरून सरकते. हा उपाय ओबडधोबड दिसतो, पण मी पाहिलेल्या सगळ्या विकतच्या उपायांपेक्षा तो स्वस्त आणि चांगला आहे.

सहा फुटी ब्लेडबद्दल माझी एक शंका आहे. ब्लेड तीस अंशांत तिरके केले की त्याची प्रत्यक्ष रुंदी जेमतेम १.५८ मीटर उरते, आणि जवळपास तेवढीच रुंदी या गाडीची आहे. चाकाने ताजा बर्फ दाबला की पुढच्या फेरीला तेथे कडक पट्टा उरतो. गाडी बघायला जाल तेव्हा ब्लेड तिरके करून टेप लावून मोजा. साडेसहा फुटी असते तर मी अधिक खूश झालो असतो, परंतु केवळ याकरिता सौदा सोडणार नाही.

जागेचा प्रश्न हा हिवाळ्याच्या सुरुवातीलाच सोडवायचा असतो. डुलुथला सरासरी ९० इंच बर्फ पडतो. २०२२-२३ च्या हिवाळ्यात तो १४०.१ इंच झाला. त्या वर्षी माझ्या दोन्ही कडांचे ढीग जानेवारीतच दगडासारखे झाले आणि रस्ता दर वादळाला थोडा थोडा अरुंद होत गेला. हलकी गाडी गोठलेला ढीग मागे सारू शकत नाही. म्हणून नोव्हेंबरमध्ये, बर्फ भुसभुशीत असतानाच, तो रस्त्याच्या कडेच्या दीड-दोन मीटर पलीकडे नेऊन टाका, तेव्हा हे अतिरेकी वाटले तरी. वारा ज्या दिशेला जातो त्या बाजूला ढीग करा. वाऱ्याच्या तोंडाशी केलेला ढीग उडता बर्फ रस्त्यावरच आणून टाकतो. जमीन गोठण्याआधी दोन्ही कडांना चमकत्या पट्टीच्या काठ्या रोवा. डिसेंबरात घण मारूनही त्या आत जात नाहीत.

उताराकडे येताना दोन गोष्टी पाळा. खासगी रस्त्यावरचा बर्फ सार्वजनिक रस्त्यावर टाकणे किंवा तो ओलांडून पलीकडे ढकलणे मिनेसोटात बेकायदा आहे, त्यामुळे शेवटचे वीस मीटर माल बाजूला वळवत आणा. दुसरी गोष्ट काउंटीच्या मोठ्या प्लाऊची, म्हणजे सार्वजनिक रस्त्यावरचा बर्फ ढकलत जाणाऱ्या ट्रकची. तो जाताना तुमच्या रस्त्याच्या तोंडाशी कमरेएवढा जड बांध घालून जातो आणि हाच सगळ्यात कठीण भाग असतो. तुम्ही घराकडून रस्त्याकडे तोंड करून उभे राहिलात तर जवळच्या लेनमध्ये प्लाऊ डावीकडून येतो. म्हणून तोंडाच्या डाव्या बाजूला, रस्त्याच्या कडेने, पाच-सात मीटरचा खिसा आधीच मोकळा करून ठेवा. प्लाऊ आपल्या पोटातला बहुतेक माल त्या खिशात टाकतो आणि तुमच्या दारात थोडाच उरतो. उरलेला बांध लो गिअरमध्ये, ब्लेडच्या अर्ध्या रुंदीने, थोडा थोडा कापा. धावत येऊन धडक देण्याचा मोह होतो, पण त्यात ब्लेडचा सांगाडा वाकतो.

गाडी पाहायला पहाटे, आगाऊ सांगून जा आणि इंजिन आधी सुरू करू नका अशी विनंती करा. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा; ते कोमट असेल तर चहा घ्या आणि पुन्हा केव्हातरी या. थंड इंजिन सुरू झाल्यावर पांढरा धूर मिनिटभरात ओसरला पाहिजे. रेंगाळला तर बहुधा एखादा ग्लो प्लग गेलेला असतो, ती मोठी गोष्ट नाही, किमतीत कमी करून घ्यावी. कूलंट मोजून घ्या; निम्मे-निम्मे मिश्रण उणे ३७ पर्यंत राखते. पुढच्या आसाच्या सांध्यांवरची रबरी आवरणे आणि ब्लेड जेथे चासीला जोडले आहे तेथले वेल्डिंग टॉर्चने नीट पाहा. १४०० तास या इंजिनाला जास्त नाहीत, पण त्यातले किती तास ब्लेड लावून गेले हे मीटर सांगत नाही, वेल्डिंग सांगते. दिवे एलईडीचे असतील तर हातात ब्रश ठेवा, कारण ते तापत नाहीत आणि वादळात काचेवर बर्फ साचून अंधार होतो.

शेवटचा प्रश्न कंत्राटदाराचा. केवळ बर्फासाठी ही गाडी घेणार असाल तर हिशेब बसत नाही. त्या पैशात कंत्राटदाराचे अनेक हिवाळे निघतात. उन्हाळ्यात लाकडे, माती, बागेचे काम यासाठी तुम्ही ती वापरणार असाल तर मात्र घ्या, मीही घेतली असती. रस्ता साफ करायला सराव झाल्यावर चाळीस मिनिटे लागतील, पहिल्या महिन्यात दीड तास धरा. आणि हा पहिला हिवाळा कंत्राटदार चालू ठेवा, निदान पंधरा सेंटिमीटरच्या वरच्या बर्फापुरता. बहुतेक जण अशी अट मान्य करतात, फक्त ती ऑक्टोबर संपण्याआधी घालावी लागते, नंतर त्यांच्या याद्या भरलेल्या असतात.